सहलीचा दिवस तिथी पाहून ठरवा

दिवाळी सरली की नाशिकच्या अंबडमधल्या शाळांच्या आणि कारखान्यांच्या सहली निघतात. त्र्यंबक-जव्हारमार्गे बस डहाणू-बोर्डीला पोहोचते ती भर दुपारी. पोरं लाटांत भिजतात, भेळ खातात, परततात. समुद्र पाहिला म्हणतात. किनारा मात्र राहूनच जातो.

मी इथल्या औद्योगिक वसाहतीत पाळीत काम करतो. समुद्रालाही पाळ्या आहेत, आणि त्या कोळ्यांना तोंडपाठ असतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते: चतुर्थीला साधारण ३, अष्टमीला ६. किनाऱ्यागणिक थोडं मागेपुढे. तिथून सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीचं पाणीही सर्वांत लांब सरतं. म्हणजे द्वितीयेला सकाळी साडेसातच्या सुमारास बोर्डीच्या सपाट किनाऱ्यावर दूरवर चालत जाता येतं.

तिथे हळू चालावं. ओल्या वाळूत बारीक बिळांभोवती वाटाण्याहून लहान गोळ्या पसरलेल्या दिसतात. इवले खेकडे वाळूतलं खाद्य चाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतात. भरती सगळं पुसते, पुढच्या ओहोटीला काम पुन्हा सुरू. पाण्याच्या कडेने हिमालयापलीकडून हिवाळ्यासाठी आलेले चिखले धावत किडे टिपतात. खडकावर कालवं चिकटलेली असतात, शंख उचलावा तर आतून खेकड्याचे पाय बाहेर येतात. तो शंख तिथेच ठेवावा, उलटलेला दगड पुन्हा तसाच लावावा.

ज्या वाळूत काही दिसलंच नाही, तिच्यावर गाडी घालताना माणसाला काही वाटत नाही. चाकाखाली ती बिळं दबतात. उलट रत्नागिरीतल्या वेळासला २००२मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांची घरटी राखायला घेतली. आज पिल्लं समुद्रात जाताना पाहायला येणाऱ्यांना गावकरी आपल्या घरी उतरवून घेतात. मुंबईत ‘मरिन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम २०१७पासून ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर फिरवतो.

नाशिकच्या मुलांनाही हे मिळायला हवं. मुख्याध्यापकांनी आणि कारखान्यांच्या सहल समित्यांनी तारीख ठरवताना कालनिर्णय उघडावं, एक रात्र मुक्काम धरावा आणि सकाळी एखाद्या जाणत्या कोळ्याला मानधन देऊन सोबत घ्यावं. खर्च थोडा वाढेल. तो वाढू द्यावा.