संधिगतवाताचे रुग्णगट आणि आपली भूमिका

संधिगतवाताचा रुग्ण आज आपल्या चिकित्सालयात येतो तेव्हा बहुधा इतर रुग्णांशी बोलून आलेला असतो. ज्येष्ठ नागरिक संघ, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा कट्टा, भजनी मंडळ, निवृत्त सहकाऱ्यांचा मेळावा अशा कोणत्या ना कोणत्या निमित्ताने गुडघेदुखीने त्रस्त झालेली मंडळी एकत्र येतात आणि पुढे त्यांचा संवाद मोबाइलवर, व्हॉट्सॲपच्या गटांतून, दिवसभर चालू राहतो. कोणते तेल लावावे, जिना कसा उतरावा, सांधा बदलावा की थांबावे, अमक्या चूर्णाने कोणास किती गुण आला, हे सारे तेथे बोलले जाते. आपण लिहून दिलेल्या चिकित्सापत्राची छाननीदेखील तेथेच होते.

या गटांविषयी आपल्या व्यवसायात दोन प्रकारचे पवित्रे दिसतात. काही वैद्यबंधू अशा गटांना अर्धवट ज्ञानाचा बाजार म्हणून झिडकारतात. काहींना, आणि त्यांत औषधविक्रेतेही आले, तेथे आयते गिऱ्हाईक दिसते. ते स्वतःच गट स्थापन करतात व त्यावर आपल्या औषधांची जाहिरात करू लागतात. आमच्या मते हे दोन्ही पवित्रे चुकीचे आहेत. रुग्णगट हा चिकित्सेचा उपयुक्त आधार आहे. वैद्याने त्यास मार्गदर्शन करावे, परंतु त्याची मालकी घेऊ नये आणि तेथे औषध विकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चतुष्पादातील रोगी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद वर्णिले आहेत. पहिल्या दोहोंवर आपण आयुष्यभर अभ्यास करतो. चौथ्या पादाचे स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे चार गुण मात्र आपण परीक्षेपुरते पाठ करतो आणि रुग्णाच्या ठिकाणी ते उपजतच असावेत अशी अपेक्षा धरून बसतो. हे गुण रुग्णाच्या अंगी बाणवता येतात, आणि ते काम समदुःखी माणसांच्या सहवासात फार चांगले होते.

ज्ञापकत्वाचा विचार करू. प्रथम येणारा रुग्ण 'गुडघे दुखतात' एवढेच सांगतो. चार रुग्णांत बसून ऐकलेला रुग्ण सांगतो की, सकाळी उठल्यावर आखडलेपणा दहा मिनिटे राहतो, जिना चढताना होत नाही तेवढा त्रास उतरताना होतो, रात्री झोप मोडत नाही. इतरांचे बोलणे ऐकून त्याला आपल्या वेदनेसाठी शब्द सापडलेले असतात. प्रश्नपरीक्षेचे निम्मे काम तेथे झालेले असते.

अभीरुत्वाचे महत्त्व या व्याधीत विशेष आहे. 'गुडघा झिजला' हा शब्द क्ष-किरण चित्रासोबत रुग्णाच्या मनात घर करतो. वापरला तर आणखी झिजेल या भीतीने तो चालणे सोडतो. मांडीचे स्नायू क्षीण होतात, मेद वाढतो आणि सांध्यावरील भार वाढून वेदना आणखी बळावते. वजन एक किलोने घटल्यास चालताना दर पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे स्थूल वृद्ध रुग्णांवरील २००५ सालच्या एका अमेरिकी अध्ययनात आढळले. हा आकडा आम्ही रुग्णांना सांगतो. परंतु आपल्याच वयाची, आपल्याच चाळीतील बाई वर्षभर व्यायाम करून पुन्हा बाजारात पायी जाऊ लागली, हे प्रत्यक्ष पाहिल्याने भीती जेवढी जाते तेवढी आमच्या आकड्याने जात नाही.

याखेरीज रुग्णांजवळ स्वतःचे असे एक ज्ञान असते. ते ग्रंथात नाही आणि आपल्यापाशीही क्वचितच असते. देवपूजा खाली बसून करायची सवय कशी बदलावी, परगावी भारतीय पद्धतीच्या शौचालयात कसे निभवावे, एसटीची पहिली उंच पायरी कशी चढावी, पाण्याची बादली उचलण्याऐवजी काय करावे, लग्नाच्या पंगतीत सर्वजण मांडी घालून बसले असता खुर्ची मागण्याचा संकोच कसा सोडावा, या प्रश्नांची उत्तरे ज्याने ते दुखणे सोसले त्याच्याकडेच मिळतात. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, या गोष्टी आपण एकदा सांगतो. गटातील माणसे त्या एकमेकांना रोज आठवून देतात. स्मृतीला मिळणारा हा आधार लहान नव्हे.

अनुभव काय सांगतो

समदुःखी माणसांनी एकमेकांस आधार देण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९३५ साली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा आरंभ झाला. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या कार्यात व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांचा मोठा वाटा आहे. पुण्यातच पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांचे व त्यांच्या शुभचिंतकांचे मेळावे भरवीत आले आहे.

सांध्यांच्या विकारांत याची पद्धतशीर मांडणी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी केली. सहा आठवडे, दर आठवड्यास दोन तास, असा तो वर्ग. तो चालविणारे प्रशिक्षित सामान्य लोक असत व त्यांतील अनेक जण स्वतः सांध्यांचे रुग्ण असत. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, चार वर्षांनंतर सहभागी रुग्णांची वेदना सरासरी २० टक्क्यांनी व डॉक्टरांकडील फेऱ्या ४० टक्क्यांनी घटल्या होत्या. याच काळात त्यांची शारीरिक अक्षमता मात्र ९ टक्क्यांनी वाढली होती. हा तिसरा आकडा आम्हांस सर्वांत बोलका वाटतो. व्याधी पुढे सरकला, तरी त्याच्यासह जगणे सुकर झाले. याप्य व्याधीचे यापन म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संधिगतवातातील अशा स्वयंव्यवस्थापन शिक्षणाचा कॉक्रेन संस्थेने २०१४ साली जो आढावा घेतला, त्यात लाभ अल्प किंवा नगण्य आढळला. केवळ एकत्र बसून बोलल्याने गुडघा सुधारत नाही. बोलण्यास नियमित व्यायामाची आणि योग्य चिकित्सेची जोड लागते. डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या 'ग्लॅड' उपक्रमात हीच सांगड घातली आहे. तेथे देखरेखीखालील व्यायामाच्या सत्रांबरोबर माहितीची सत्रे असतात आणि त्यांत एका अनुभवी रुग्णाला बोलावण्याची योजना आहे.

आपल्या शास्त्राला अनुकूल असा बर्लिन येथील शारिते रुग्णालयाचा प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. जानुसंधिगतवाताच्या १५१ रुग्णांवरील या प्रयोगात बारा आठवड्यांची आयुर्वेदीय चिकित्सा प्रचलित उपचारांपेक्षा सरस ठरली. ही समाधानाची बाब आहे. तथापि त्या चिकित्सेत औषधांबरोबर आहार, अभ्यंग, योग आणि वैद्याशी सविस्तर संवाद यांचा समावेश होता. त्यांपैकी कशाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. संवादाचे मोल मानणारी चिकित्सा म्हणून आपण ज्या परंपरेचा अभिमान बाळगतो, तिने रुग्णांच्या आपसांतील संवादाकडे तुच्छतेने पाहणे विसंगत आहे.

धोके कोठे आहेत

निर्देशकारित्वाच्या बाबतीत मात्र गट दुधारी ठरतो. एकाचे औषध दुसऱ्यास लागू करण्याची प्रवृत्ती तेथे प्रबळ असते, कारण सर्वांचे दुखणे एकच आहे असा समज असतो. सांधे सुजले, दुखले की लोकांच्या लेखी तो 'संधिवात'. पण संधिगतवाताच्या रुग्णाने स्वानुभवावरून आमवाताच्या रुग्णास तेलाने भरपूर अभ्यंग करण्याचा सल्ला दिला, तर सामावस्थेत त्याचा त्रास वाढणार हे आपणांस सांगणे नको. जेथे वालुकास्वेदासारखा रूक्ष स्वेद हवा, तेथे स्नेह पोहोचतो. वातरक्ताची कथाही तीच.

'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' हे वाक्य दुसरा धोका होय. गुग्गुळाच्या सेवनाने प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांची रक्तातील मात्रा घटते. गुडघेदुखीचे रुग्ण बहुधा उतारवयातील असतात आणि त्यांतील कित्येकांना रक्तदाब वा हृद्रोगासाठी अशी औषधे चालू असतात. पुण्यातील डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी ४४० रुग्णांवर २४ आठवडे केलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात आयुर्वेदीय योग ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे ठरले. त्याच परीक्षणात काही रुग्णांचे एसजीपीटी वाढल्याचेही नोंदले गेले. पहिला निष्कर्ष गटागटांतून फिरतो, दुसरा फिरत नाही.

सर्वांत गंभीर धोका नाव-गाव नसलेल्या पुड्यांचा आहे. 'तीन दिवसांत गुडघा मोकळा' अशी ख्याती घेऊन ज्या पुड्या येतात, त्यांत स्टेरॉइड वा वेदनाशामक मिसळलेले असण्याचा संशय आपण प्रथम घेतला पाहिजे. चेहऱ्यावर गोलसर सूज, अकारण वाढलेली साखर आणि औषध थांबताच येणारी पराकोटीची ग्लानी ही लक्षणे ओळखावीत. अशा रुग्णाची पुडी एकाएकी बंद करविणे धोक्याचे असते. त्यास रुग्णालयाकडे पाठवावे. एका व्यक्तीची पुडी पूर्वी एका घरापुरती राहत असे. आज गटात आलेला एक संदेश तीच पुडी संध्याकाळपर्यंत शंभर घरी पोहोचवितो.

विक्री आणि विश्वास

येथे औषधविक्रेत्या बांधवांशी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. 'आमच्या गटासाठी अमक्या गुग्गुळाचे दहा डबे द्या' अशी मागणी आपल्या दुकानी येत असेल. दहा जणांपैकी कोणास ते औषध कोणी लिहून दिले, हे विचारणे आपल्याच हाती आहे. वेष्टनावर घटकद्रव्ये, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व उत्पादनतिथी नसलेला माल नाकारणे हेही आपल्याच हाती आहे. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात संधिवाताचा समावेश आहे. तो 'समूळ बरा करणारे' औषध म्हणून केलेली जाहिरात मोबाइलवर फिरविली म्हणून कायद्याबाहेर जात नाही.

वैद्यांनाही हेच लागू आहे. रुग्णगटात वैद्य कायम बसला की तेथील बोलणे बदलते. 'औषध तीन महिने घेतले, गुण आला नाही', 'पंचकर्माचा खर्च झेपला नाही', 'तेल लावायला घरात कोणी नाही' ही वाक्ये रुग्ण आपल्यासमोर बोलत नाहीत. संकोच म्हणा, आदर म्हणा. ती वाक्ये बोलता यावीत म्हणूनच गट असतो. वैद्य त्याचा मालक झाला, त्यातून सवलतीच्या दरात औषध विकू लागला, तर उरतो तो ग्राहकांचा मेळावा. त्यातून काही काळ विक्री वाढेल. पण जेथे खरे बोलले जात होते ती जागा नाहीशी होईल, आणि त्याबरोबर आपल्यावरील विश्वासही.

यात आपले आर्थिक नुकसान नाही काय, असा प्रश्न विचारला जाईल. थोडे आहे. गटाच्या आधाराने नियमित व्यायाम करणारा, वजन उतरविणारा रुग्ण कदाचित कमी औषध घेईल. परंतु संधिगतवात हा वर्षानुवर्षे सोबत राहणारा व्याधी आहे. त्यात रुग्ण टिकतो तो विश्वासावर, महिन्याच्या औषधाच्या पिशवीवर नव्हे.

काय करता येईल

आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. निदान निश्चित झाल्यावरच रुग्णास गटाची वाट दाखवावी. गटाचे संयोजक रुग्णांतीलच दोघे असावेत. वैद्याने निमंत्रणावरून महिन्यातून एकदा जावे, शंकांना उत्तरे द्यावीत आणि परत यावे. अनुभव सांगावा, मात्रा सांगू नये, हा नियम सर्वांनी मान्य करावा. कोणाचेही क्ष-किरण चित्र वा तपासणी अहवाल नावासह फिरवू नयेत. औषधाची विक्री, सवलत व जाहिरात पूर्णतः वर्ज्य असावी. सांधा एकाएकी लाल व उष्ण होऊन सुजणे, सोबत ज्वर, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून अधिक राहणे, पोटरीस सूज व वेदना, विश्रांतीतही न थांबणारी रात्रीची वेदना, यांपैकी काहीही आढळल्यास गटात न विचारता तत्काळ वैद्याकडे जावे, असे एक पानी मराठी सूचनापत्रक प्रत्येक गटाकडे असावे.

आणखी एक गोष्ट. ज्यांच्यापाशी स्मार्टफोन नाही, ज्यांना वाचता येत नाही, शेतात वाकून काम केल्याने ज्यांचे गुडघे आधी गेले, त्या खेड्यांतील स्त्रिया मोबाइलवरील गटांत नाहीत. त्यांच्यासाठी देवळाच्या ओसरीवर किंवा अंगणवाडीत पंधरा दिवसांनी एक तास बसण्याची सोय पुरेशी आहे. तेथे आपल्यापैकी कोणी तरी पुढाकार घेतला पाहिजे.

संघटनेच्या प्रत्येक शाखेने येत्या १२ ऑक्टोबरला, जागतिक संधिवात दिनी, असा निदान एक गट आपल्या परिसरात सुरू करून द्यावा, आणि उपरोक्त सूचनापत्रकाचा मसुदा आगामी कार्यकारिणीत चर्चेस घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. मसुदा लिहून देण्याची जबाबदारी घेण्यास आम्ही तयार आहोत. तो छापण्यापूर्वी गुडघेदुखीच्या चार रुग्णांना वाचून दाखवावा, एवढी एकच अट.