घोडा बघायला आलेला पाहुणा आपल्या तालुक्यातून काय घेऊन परत जातो?

नवी मुंबई : विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला होता. मुंबईचा माणूस आता पनवेल, उरण, खालापूर, कर्जतकडे पूर्वीपेक्षा लवकर पोहोचतो. शनिवार-रविवारी रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, फार्महाऊस भरतात, आणि पाटी दिसते, 'येथे हॉर्स रायडिंग मिळेल'.

पाटीखाली एक घोडा, एक पोरगा. पाच मिनिटांची फेरी, एक फोटो, पैसे हातात, विषय संपला. घोड्याचं नाव काय, वय किती, तो खातो काय, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

जगात मात्र नुसता घोडा बघायला लोक तिकीट काढून जातात. पाठीवर बसायचंही नसतं. त्या धंद्यातून आपल्या तालुक्यांना काय शिकता येईल, आणि कुठं सावध राहायला हवं, ते आज बघू.

केंटकीत लोक कशाचे पैसे देतात?

अमेरिकेतलं केंटकी हे राज्य थरोब्रेड म्हणजे शर्यतीच्या जातिवंत घोड्यांचं माहेरघर मानलं जातं. साधारण दहा वर्षांपूर्वी तिथल्या घोडे-फार्मवाल्यांनी एकत्र येऊन 'हॉर्स कंट्री' नावाची ना-नफा संस्था काढली. आधी या फार्मचे दरवाजे सामान्य माणसाला सहज उघडत नव्हते. आता घरबसल्या मोबाईलवर वेळ निवडायची, ठरलेले पैसे भरायचे आणि जायचं.

तिथं पंधरा-वीस जणांच्या गटाबरोबर एक वाटाड्या असतो. तास-दीड तास तो बोलत बोलत फिरवतो. घोडी अकरा महिने गाभण राहते, शिंगरू जन्मल्यावर तास-दोन तासांत उभं राहतं, उत्तर गोलार्धात थरोब्रेड कधीही जन्मला तरी कागदावर त्याचा वाढदिवस १ जानेवारीच, असं सगळं तो सांगतो. जगातल्या थरोब्रेडांची नर वंशावळ इंग्लंडात नेलेल्या तीन घोड्यांपर्यंत जाते, हे ऐकून माणूस थक्क होतो. क्लेबोर्न फार्मवर १९७३ साली अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकलेल्या सेक्रेटेरिएट घोड्याची कबर आहे. तो १९८९ मध्ये मेला, तरी आजही लोक त्या दगडापुढं उभे राहतात.

आयर्लंडमध्ये किल्डेअरला सरकारी मालकीचा स्टड फार्म आहे. तिथंही पाहुण्यांना वाटाड्यासोबत फिरवलं जातं, शेजारी जुनी जपानी बाग आहे, शाळेच्या सहली येतात.

हे पाहुणे माहितीचे आणि भरवशाचे पैसे देतात. दर आधी कळलेला असतो, वेळ पाळली जाते, आणि घोड्याला त्रास होणार नाही याची काळजी घेतली जाते. हात लावू नका म्हटलं की लावायचा नाही. पाहुणा ते ऐकतो, कारण ते का, हे त्याला सांगितलेलं असतं.

आपल्याकडे दार बंद का?

महाराष्ट्रात थरोब्रेड नाहीत असं नाही. उलट पुणे जिल्हा हे देशातलं मोठं केंद्र. पूनावाला स्टड फार्म १९४६ पासून आहे. थरोब्रेडच्या वंशावळीची नोंद ठेवणारी देशाची कचेरीही पुण्यातच आहे. शिंगराचे आई-बाप खरे कोण, हे डीएनए तपासून मगच नाव नोंदवलं जातं.

पण तिकीट काढून कुणीही बघायला जावं, अशी केंटकीसारखी रुळलेली व्यवस्था आपल्याकडे नाही. हे फार्म खासगी मालमत्ता आहेत. त्यातच एकेका घोड्याची किंमत मोठी, आणि वर्षाचे पहिले महिने घोड्या विण्याचे. त्या काळात बाहेरची माणसं आत आली की रोग येण्याची भीती असते. ग्लँडर्ससारखा रोग तर घोड्यातून माणसालाही होतो. म्हणजे मालक दार बंद ठेवतात त्यामागे कारण आहे.

मात्र काळ बदलतोय. १८८३ पासूनच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या जागेपैकी १२० एकर मुंबई महापालिकेच्या सार्वजनिक उद्यानासाठी देण्याचं २०२४ मध्ये ठरलं. घोड्यांच्या शर्यतीवरच्या पैजांचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. शर्यतीचा पैसा आटला तर घोडे पाळणाऱ्यांनाही दुसरा आधार शोधावा लागेल. केंटकीने तो पाहुण्यांत शोधला. आपल्याकडे अजून कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही.

माथेरानचा धडा

नवी मुंबईपासून सगळ्यात जवळचा, रोज हजारो डोळ्यांना दिसणारा घोडा म्हणजे माथेरानचा. कर्जत तालुक्यातल्या या डोंगरावर मोटारीला बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी लावायची, पुढं पायी, मिनी ट्रेनने, रिक्षाने नाहीतर घोड्यावर. परवानाधारक घोडे सुमारे साडेचारशे. हे थरोब्रेड फार्म नव्हे. पण घोडा आणि पाहुणा यांचं नातं बिघडलं की काय होतं, ते इथंच कळतं.

दस्तुरीवर पर्यटकांना चुकीची माहिती देऊन लुबाडलं जातं, अशा तक्रारी वाढल्या. गाडी बंद आहे, रिक्षा मिळणार नाही, अंतर फार आहे, असं सांगून जास्त पैसे घेतले जातात, हा आरोप गावातल्याच लोकांनी केला. त्यावर १८ मार्च २०२५ पासून माथेरान बेमुदत बंद ठेवण्यात आलं. प्रशासनाशी चर्चा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी बंद मागे घेतला गेला. पण विचार करा, पर्यटकांवर जगणाऱ्या गावाने पर्यटकांच्या फसवणुकीविरुद्ध स्वतःची दुकानं बंद केली. पाणी नाकापर्यंत आल्याशिवाय असं होत नाही.

इथं दुसरी बाजूही बघायला हवी. घोडा धरून चालणारा प्रत्येक जण मालक असतोच असं नाही. पावसाळ्यात धंदा बसतो, पण घोड्याची चंदी आणि चारा रोज लागतोच. त्यात आता ई-रिक्षा आल्या. माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. ते योग्यच झालं. पण ई-रिक्षा वाढल्या की नुसतं सामान आणि माणूस वाहणाऱ्या घोड्याचं काम कमी होणार, हे अश्वपालांनाही दिसतंय. त्यांची भीती खोटी नाही.

मग उपाय काय? घोड्याने रिक्षाशी स्पर्धा करायची नाही. रिक्षा देऊ शकत नाही ते द्यायचं. दीड तासाची ठरलेली वाट, ठरलेला दर, डोक्याला हेल्मेट, आणि वाटेत जंगलाची, पॉइंटची, घोड्याची गोष्ट. घोडा तोच, वाट तीच, फक्त बोलणारा माणूस तयार हवा.

स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका

आता सावध करायची गोष्ट. फार्महाऊसवाले आणि काही हौशी तरुण शर्यतीतून उतरलेला थरोब्रेड घेण्याचा विचार करतात. उंच, देखणा आणि कमी पैशात मिळतो. पण हा घोडा ताशी साठ किलोमीटरच्या आसपास पळण्यासाठी घडवलेला असतो. वजन पाचशे किलोच्या घरात. कातडी पातळ, स्वभाव तापट. गर्दी, डीजे, लहान पोरं यांची त्याला सवय नसते. नवख्याला त्यावर बसवणं म्हणजे दोघांच्या जिवाशी खेळ. रोजची चंदी, दर दीडेक महिन्याने नालबंद आणि वेळेला घोड्याचा डॉक्टर, हा खर्च वेगळाच.

निवृत्त घोड्याचं पुढं काय, हा प्रश्न सगळ्या जगात आहे. १९८६ ची केंटकी डर्बी जिंकलेला फर्डिनांड घोडा जपानमध्ये कत्तलखान्यात गेल्याचं उघड झालं तेव्हा अमेरिकेत हळहळ झाली. २००३ मध्ये केंटकीतच 'ओल्ड फ्रेंड्स' नावाचा फार्म सुरू झाला. तिथं फक्त म्हातारे शर्यतीचे घोडे आहेत. लोक तिकीट काढून येतात आणि त्यांना गाजर चारतात. न पळणारा घोडाही पोट भरू शकतो, हे त्या फार्मने दाखवून दिलं.

आपल्याकडची गोष्ट याहून मोठी आहे. पूनावालांचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जायचे. घोड्याच्या रक्तातून औषधी सीरम करतात. हे आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. आपल्याकडे शेतात साप चावल्यावर जी लस टोचतात, ती आजही घोड्याच्याच रक्तापासून होते. हे किती पर्यटकांना माहीत असेल? आणि ते ऐकायला कुणाला आवडणार नाही?

आपल्या गावात काय जमेल?

१९७० मध्ये सिडको आली आणि ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी गेली. जमिनीचा मोबदला मिळाला, न मिळाला, हा वाद आजही चालूच आहे. पण धडा एकच. जमीन एकदाच विकली जाते, काम मात्र रोज विकता येतं. आता तीच लाट पनवेलच्या पुढं कर्जत-खालापूरला पोहोचली आहे. शेत विकून त्याच फार्महाऊसवर वॉचमन व्हायचं की पाहुण्याला फिरवणारा जाणकार व्हायचं, हे आज ठरवावं लागेल.

त्यासाठी लाखोंचा घोडा लागत नाही. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणात उतरतात. त्यांच्यासोबत ओझं वाहणारी बुटकी, काटक घोडी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. दख्खनच्या याच भीमथडी घोड्याला आता स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यता मिळाली आहे. चढ-उतार, कमी चारा, माणसांची सवय, सगळं त्याच्यात आहे. आणि घोड्याच्या नावाने माणसं जमतात हे बघायचं असेल तर नंदुरबारमधल्या सारंगखेड्याला दत्त जयंतीच्या यात्रेत जाऊन यावं.

करायच्या गोष्टी साध्या आहेत :

- दरपत्रक मराठी आणि हिंदीत, मोठ्या अक्षरात, पाहुणा उतरतो तिथंच लावा.
- घोड्यासोबतच्या पोराला पंधरा दिवसांचं शिक्षण द्या. प्रथमोपचार, घोड्याची निगा आणि वीस मिनिटं नीट बोलता येणं, एवढं तरी हवं.
- भर उन्हात, गाभण घोडीवर, लंगडणाऱ्या घोड्यावर फेरी नको. हेल्मेटशिवाय कुणालाच बसवू नका.
- राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे. घोडा शेतीच्या सहलीचा भाग करता येईल का, हे पर्यटन संचालनालयाकडे विचारून, नोंदणी करूनच सुरुवात करा.
- घोड्यांची तपासणी आणि लसीकरण पशुवैद्यकीय दवाखान्यातून करून तो कागद पाहुण्याला दिसेल असा ठेवा.

यातली बहुतेक कामं ग्रामपंचायत आणि गावातल्या तरुण मंडळाने मनावर घेतली तर होण्यासारखी आहेत. पुण्याच्या स्टड फार्मवाल्यांनीही वर्षातून काही दिवस, विण्याचा हंगाम सोडून, शाळांसाठी दार उघडलं तर आपल्या पोरांना मोतद्दार, नालबंद, घोड्यांचा डॉक्टर अशी कामं तरी दिसतील. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणी त्या वाटेला जात नाही.

विमानतळावरून उतरलेला पाहुणा एकदा फसला तर परत येत नाही, आणि मोबाईलवर लिहून दहा जणांना अडवतो. समाधानाने गेला तर दहा जणांना घेऊन येतो. पुढच्या ग्रामसभेत रस्ता आणि पाण्यासोबत हा विषयही घ्या. दरपत्रकाचा फलक लावायला फारसा खर्च येत नाही, तेवढ्यापासून तरी सुरुवात करूया.