नफ्याआधी रोकड

अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त होणाऱ्या कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी किंवा चामटोलीसारख्या गावात जमीन विकून हाती आलेली रक्कम यांना आता शेअर बाजाराची वाटही मोकळी झाली आहे. यात गैर काहीच नाही. मात्र कंपनीचा नफा पाहून भाग घेणारा हा नवा भागधारक तिच्या तिजोरीकडे क्वचितच पाहतो, आणि खरा धोका तेथेच आहे.

उधारीवर विकलेला मालही नफ्यात धरला जातो. पण पगार, कच्चा माल व कर्जाचे हप्ते रोखीनेच भागवावे लागतात. 'उधारीचे पोते सव्वा हात रिते' ही म्हण गावच्या वाण्यास जितकी लागू, तितकीच बड्या कंपनीसही. म्हणूनच लहान कंपन्यांचा अपवाद करता, २०१३च्या कंपनी कायद्याने रोख प्रवाहाचे पत्रक सक्तीचे केले आहे. नफा वर्षानुवर्षे वाढत असूनही व्यवसायातून रोकड येत नसेल, तर सावध होणेच श्रेयस्कर.

तथापि, मोठी शिल्लक दिसली म्हणून निर्धास्त होणेही योग्य नव्हे. हैदराबादच्या सत्यम कंपनीने दाखविलेल्या ५,३६१ कोटी रुपयांपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नसल्याची कबुली तिच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी दिली. मुंबईच्या कॉक्स अँड किंग्ज या पर्यटन कंपनीच्या हिशेबात मार्च २०१९अखेर हजार कोटींहून अधिक रोकड दिसत होती. त्याच वर्षी जूनमध्ये तिला दीडशे कोटींचे अल्पमुदतीचे देणेही फेडता आले नाही.

तेव्हा शिल्लक किती एवढेच न विचारता, वर्षभरात येऊ घातलेल्या देण्यांना ती पुरेल काय, ती तारण तर पडलेली नाही ना आणि तिच्यावर मिळालेले व्याज रकमेला साजेसे आहे काय, हेही पाहिले पाहिजे. हाती पैसा असताना कंपनी महाग व्याजाने कर्ज का काढते, या प्रश्नाचे उत्तर वार्षिक अहवालात सापडत नसेल, तर त्या भागापासून दूर राहावे.

बँकेतील शिल्लक प्रत्यक्ष पडताळण्याची जबाबदारी लेखापरीक्षकांची, आणि त्यांच्यावर अंकुश ठेवण्याची नियामकांची. ती त्यांनी पार पाडलीच पाहिजे. परंतु त्यांची कारवाई बहुधा नुकसान झाल्यावर येते. जन्माची पुंजी एकदाच हाती येणाऱ्याने तोवर थांबणे परवडणारे नाही.