तिसऱ्या पिनचं काय?

एप्रिल-मेमधल्या पुण्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. दुपारी चारपर्यंत उन्हानं जीव नकोसा होतो. मग आभाळ काळंनिळं, धुळीचे लोट आणि नेमका ऑफिसातून निघायच्या वेळेला धो धो वळीव. व्हॉट्सअॅपवर गारांचे फोटो पडतात, पाठोपाठ कुणाच्या तरी घरची कांदाभजी. आणि रात्री सोसायटीच्या ग्रुपवर वेगळेच मेसेज सुरू होतात. ‘कुणाचं वायफाय चालू आहे का?’ ‘आमचा टीव्ही ऑनच होत नाहीये.’ ‘एसीचा पीसीबी गेलाय म्हणे, चांगला मेकॅनिक सुचवा.’

दुसऱ्या दिवशी अर्धी बिल्डिंग स्पाइक गार्डच्या खरेदीला निघते. अवश्य निघा. पण त्याआधी भिंतीवरच्या सॉकेटकडे एकदा बघा. तीन भोकं दिसतात ना? त्यातलं वरचं, सगळ्यात मोठं भोक अर्थिंगचं. त्याच्या मागे खरोखर काही आहे का, हा आजचा विषय. कारण तिथे काही नसेल, तर तुमच्या महागड्या स्पाइक गार्डचं अर्धं काम होणारच नाही.

घर स्मार्ट झालं आणि नाजूकही

आजीच्या घरातल्या सीलिंग फॅननं कित्येक वादळं बघितली असतील. त्याच्या पोटात तांब्याची वाइंडिंग आणि एक कपॅसिटर, बस्स. आपल्या घरात मात्र फ्रिजला सर्किट बोर्ड, वॉशिंग मशीनला बोर्ड, इन्व्हर्टर एसीला बोर्ड, हल्ली तर पंख्यालाही बोर्ड. पाच व्होल्ट किंवा त्याहूनही कमी दाबावर चालणाऱ्या या चिप्स. त्यांच्यावर अचानक हजारो व्होल्टचा फटका बसला तर काय होणार? वस्तू जाते, तिचा ईएमआय मात्र पुढचे सात महिने चालू राहतो.

त्यासाठी वीज आपल्याच गच्चीवर पडायला हवी, असंही नाही. आकाशातल्या एका विजेत साधारण 30 हजार अँपिअरचा प्रवाह असतो. ती जवळपासच्या तारांवर पडली, किंवा नुसती जवळ जमिनीत उतरली, तरी आसपासच्या केबल्समध्ये क्षणभर प्रचंड दाब तयार होतो. तो वायरमधून घरात येतो. फक्त लाइटच्या वायरमधून नव्हे, केबल टीव्हीच्या आणि इमारतीभर फिरवलेल्या लॅन केबलमधूनसुद्धा. फायबर ब्रॉडबँडचं एक बरं असतं, त्यातली काच वीज वाहून नेत नाही. पण राउटरचा अॅडॅप्टर प्लगमध्येच असतो ना!

आणि गच्चीवरचा तो टोकदार लाइटनिंग अरेस्टर? तो इमारतीला वाचवतो. तुमच्या हॉलमधल्या टीव्हीशी त्यानं काही करार केलेला नाही.

वादळाचा दुसरा फटका

विजेचा सर्ज काही मायक्रोसेकंदांचा खेळ असतो. वादळात आणखी एक गोष्ट होते, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ती म्हणजे न्यूट्रल तुटणं. फांदी पडते, वारा तारा हलवतो, कुठला तरी सैल जोड सुटतो. इमारतीत तीन फेज येतात आणि न्यूट्रल त्यांचा तोल सांभाळते. ती गेली की तोल सुटतो. एका घरात दाब 230 व्होल्टवरून खाली घसरतो आणि शेजारच्या घरात तो चारशेच्या घरात जाऊ शकतो. दिवा मंद झाला की आपण वैतागतो, पण पंखा एकदम विमानासारखा फिरायला लागला की आपण बघत बसतो. बघत बसू नका. तडक मेन स्विच बंद करा.

कोण कशापासून वाचवतं?

इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. ‘आमच्याकडे एमसीबी आहेत, टेन्शन नाही,’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय! म्हणून एकेकाचं काम बघू.

एमसीबी: जास्त लोड आणि शॉर्टसर्किट यांच्यासाठी. तो वायरिंगचा बॉडीगार्ड आहे. विजेचा सर्ज येऊन गेला तरी त्याला पत्ता लागत नाही.

आरसीसीबी (जुन्या मंडळींचा ईएलसीबी): हा माणसांसाठी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की हा सेकंदाच्या छोट्याशा भागात सप्लाय तोडतो. टीव्ही वाचवणं हे त्याचं काम नाही, तो तुम्हाला वाचवतो.

स्टॅबिलायझर: दाब हळूहळू कमीजास्त होत असेल तर उपयोगी. त्याला हालचाल करायला मिलिसेकंद लागतात, तोवर सर्ज येऊन, काम उरकून गेलेला असतो.

ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर: न्यूट्रल तुटल्यावर कामाला येणारा हा. दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला की सप्लाय तोडतो आणि तो ठीक झाल्यावर थोडं थांबून पुन्हा जोडतो. एसी-फ्रिजच्या कॉम्प्रेसरला हा मधला वेळ फार मोलाचा.

एसपीडी, म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस: हा मेन डिस्ट्रिब्यूशन बोर्डात बसतो. घरासाठी ‘टाइप 2’ मागा. त्याच्यावरची छोटी खिडकी साधारणपणे हिरवी असते, लाल झाली की त्याचं आयुष्य संपलं.

स्पाइक गार्ड: एसपीडीचा धाकटा भाऊ, एकेका उपकरणाजवळ बसणारा. यात एमओव्ही नावाची चकती असते. दाब वाढला की ती तो करंट दुसऱ्या वाटेनं वळवते. प्रत्येक फटक्यागणिक ती झिजते, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा स्पाइक गार्ड आता नुसता एक्स्टेन्शन बोर्ड उरलेला असू शकतो. शिवाय बाजारातल्या कित्येक स्वस्त बोर्डांत एमओव्ही नसतेच, एक स्विच आणि एक फ्यूज एवढाच संसार. पाकिटावर जूल रेटिंग लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

आता मुख्य प्रश्न. हा करंट वळवायचा, पण कुठे? बऱ्याच अंशी अर्थिंगमध्ये. म्हणजे तिसऱ्या पिनमधून, इमारतीखालच्या जमिनीत.

जाड पिनची जबाबदारी

प्लगची ही पिन इतर दोघींपेक्षा लांब असते, ते काही डिझाइनची हौस म्हणून नव्हे. प्लग लावताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावा, यासाठी ती लांब. आणि आपण काय करतो? टू-पिन कन्व्हर्टर आणतो. ‘बसत नव्हती’ म्हणून पिन कापून टाकलेले मिक्सरही मी पाहिले आहेत.

याहून भयंकर प्रकार जुन्या आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये सापडतो. अर्थची वायर ओढलेलीच नसते, म्हणून कुणी तरी ‘जुगाडू’ माणूस सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात वायरचा एक तुकडा लावून मोकळा होतो. टेस्ट लॅम्प लावला तर झकास पेटतो, सगळे खूश. पण आता वादळात न्यूट्रल तुटली असं समजा. परतीची वाट बंद झालेली वीज त्या तुकड्यातून थेट फ्रिजच्या दारात, गीझरच्या पत्र्यात, वॉशिंग मशीनच्या बॉडीत येते. लाइट गेलेत असं समजून तुम्ही ओल्या हातानं फ्रिज उघडायला जाता. इथे प्रश्न ईएमआयचा राहत नाही, जिवाचा होतो. म्हणून नुसता दिवा पेटण्यावर समाधान मानू नका. सॉकेट उघडून बघायला सांगा, आणि अर्थ-टेस्टरनं रेझिस्टन्स किती ओहम येतो ते मोजायला सांगा. आरसीसीबी नसेल तर तो आधी बसवा, एसपीडी नंतर.

कुंडीखालचा खड्डा

आता खाली चला, मीटररूमजवळ. तिथे कुठे तरी एक छोटी चौकोनी चेंबर असते, झाकण असलेली. तिच्यावर कुंडी असते, नाही तर कुणाची तरी अॅक्टिव्हा. हा अर्थिंगचा खड्डा. जुन्या पद्धतीच्या खड्ड्यात जमिनीत पुरलेली प्लेट किंवा पाइप, भोवती मीठ आणि कोळसा. वर जी नरसाळ्यासारखी पाइप दिसते ती कचरा टाकायला नसून पाणी घालायला असते. ओली माती वीज पटकन पोटात घेते, कोरडी माती घेत नाही.

यातली गंमत बघा. वळवाची वादळं येतात एप्रिल-मेमध्ये, आणि जमीन सगळ्यात कोरडी असते तीही एप्रिल-मेमध्येच. म्हणजे आपल्याला अर्थिंगची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच ते सर्वांत कमकुवत झालेलं असतं. त्यात आपल्याकडे थोडं खणलं की मुरूम आणि काळा पाषाण. तेव्हा उन्हाळ्यात त्या खड्ड्यात नियमित पाणी घालणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. वॉचमनकाकांना एकदा नीट समजावून सांगितलं की झालं. ‘केमिकल अर्थिंग’ असेल तर इतका त्रास नाही, पण मोजणी तरीही हवीच.

हे एकट्यानं होणारं काम नाही, आणि आपली गाडी इथेच अडते. घरात आपण हजारोंची खरेदी एका क्लिकवर करतो, पण लिफ्ट, पंप, सीसीटीव्ही आणि आपला टीव्ही ज्या एका खड्ड्याच्या भरवशावर आहेत तो ‘सोसायटीचा’, म्हणजे कुणाचाच नाही. सोसायटीची एजीएम सप्टेंबरअखेरपर्यंत होते. पार्किंग आणि कुत्री यांवर दोन तास भांडून झालं की पाच मिनिटं उठून हा विषय मांडा: दर वर्षी, पावसाळ्याआधी, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगची मोजणी आणि लेखी रिपोर्ट. भाडेकरू असाल तर फ्लॅट घेताना वायफायचा स्पीड विचारता तसं हेही विचारा.

गावच्या घराचं काय?

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कोकणातली कित्येक गावं पुढे अनेक दिवस अंधारात होती. आपल्यापैकी अनेकांचे आईबाबा अशा घरांत राहतात. तिथे खांबावरून उघड्या तारा येतात आणि त्यांच्यावर माडाची झावळ कधीही पडू शकते. या घरांना शहरातल्या फ्लॅटपेक्षा जास्त संरक्षण हवं. पुढच्या वेळी जाताना मिठाईच्या बॉक्ससोबत एक व्होल्टेज प्रोटेक्टर न्या आणि तिथल्याच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. आरसीसीबी आहे की नाही, तेही बघून या.

फ्रिजवर लावून ठेवा

• ढग दाटले की प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, स्विचमधली काही मिलिमीटरची फट विजेला काहीच नाही. टीव्हीची केबल आणि लॅनची वायरही काढा.

• वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आलात तर प्लगला हात लावू नका, वेळ गेलेली आहे. आंघोळही नंतर.

• पुण्याच्या आयआयटीएमनं तयार केलेलं ‘दामिनी’ अॅप आसपासच्या विजांचा इशारा देतं. फोनमध्ये असू द्या, आईबाबांच्याही.

• लाइट परत आले की लगेच सगळं सुरू करू नका. आधी फक्त पंखा लावा. त्याचा वेग नेहमीसारखा वाटला तर काही मिनिटांनी बाकीचं, एसी-फ्रिज सगळ्यात शेवटी.

• तार तुटून पडली असेल तर जवळ जाऊ नका, इतरांनाही जाऊ देऊ नका. 1912 वर फोन करा.

• होम इन्शुरन्समध्ये ‘लाइटनिंग’ शब्द दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. विजेमुळे शॉर्टसर्किट होऊन जळालेलं उपकरण अनेक पॉलिसींतून वगळलेलं असतं. बारीक अक्षरं वाचा, वेगळं कव्हर मिळतं का विचारा.

• आणि या वीकएण्डला, मॉलला जायच्या आधी, खाली जाऊन तेवढी ती कुंडी हलवा.