ही नम्र विनंती

पत्राच्या शेवटी मी लिहिलं होतं, ‘तरी मागणी वेळेत नोंदवावी, ही नम्र विनंती.’ छापून आलं तेव्हा ‘ही’ कागदाच्या डाव्या कडेला होती, ‘विनंती’ उजव्या कडेला आणि मधोमध ‘नम्र’ एकटाच, पंगतीत पान न वाढलेल्या पाहुण्यासारखा. एवढी लांबरुंद नम्रता मी जन्मात कधी दाखवली नव्हती.

पत्र माझं नव्हतं. आमच्या शेजारी गणपतीचा कारखाना आहे. पेण तालुक्यातल्या आमच्या जोह्यात कारखाना म्हटलं की धुरांडं शोधायचं नाही. जोहे, हमरापूर, तांबडशेत, कळवे या पट्ट्यात कारखाना म्हणजे गणपतीचाच. मालकांना सगळं गाव भाऊ म्हणतं, मीही म्हणतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझ्या घरी संगणक आहे आणि वेळही आहे, म्हणून गावातले अर्ज, निवेदनं, लग्नपत्रिकांचे मजकूर माझ्याकडे येतात. भाऊंना हवं होतं दरपत्रक. वर चार ओळींचं पत्र, खाली यादी: किती इंची मूर्ती, कच्ची किती, रंगवलेली किती. तळाशी विनंतीची ओळ. भाव इथे सांगत नाही, धंद्याची गोष्ट आहे.

सुरुवातच पत्त्यापासून बिघडली. आधी मोबाइलवर बोलून मजकूर घ्यावा म्हटलं. मी स्वच्छ आवाजात ‘मुक्काम जोहे, तालुका पेण’ म्हणालो. फोनने लिहिलं, ‘मुक्काम जो है, तालुका पेन.’ पुन्हा म्हणालो, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी भाऊ हसायला लागले, तेव्हा तो नाद सोडून संगणकावर बसलो आणि दोन तास खपून सगळं वर्डमध्ये टंकलं. पडद्यावर यादी अशी देखणी दिसत होती की मीच दोनदा लांबून पाहिली. फाइल पेनड्राइव्हवर घेऊन भाऊंचा मुलगा पेणला गेला आणि एका झेरॉक्सवाल्याकडून पन्नास प्रती काढून घेऊन आला. त्यातल्या तीस त्याच संध्याकाळी टपालात पडल्याही.

चौथ्या दिवशी भाऊ दारात. ‘गुरुजी, यो काय झाला?’

एका व्यापाऱ्याचा फोन आला होता. अठरा इंचीची मूर्ती बारा इंचीच्या भावात देताय, मला दोनशे नग लिहून घ्या! कागद पाहिला तर भावांची रांग मूर्तींच्या रांगेवरून घसरलेली. काही आकडे एका ओळीने खाली गेलेले, काही शेजारच्या रकान्यात शिरलेले. जुळून राहिलेले तीनच. त्यात आकडे मुंगीएवढे आणि अक्षरं हत्तीएवढी. आणि तळाशी ती ताणलेली नम्र विनंती.

आता कबूल करायला हरकत नाही, दोष माझाच होता. रकाने मी स्पेसबारने पाडले होते. एक शब्द लिहायचा, मग टकटक टकटक करत जागा सोडायची, नजरेने अंदाज घ्यायचा आणि आकडा टाकायचा. वहीत ते चालतं. पण संगणकात एका रिकाम्या जागेची रुंदी फॉन्टवर ठरते. झेरॉक्सवाल्याच्या यंत्रावर माझा फॉन्ट नव्हता, त्याने आपल्या पदरचा लावला, त्याची रिकामी जागा वेगळ्या रुंदीची निघाली आणि माझे सगळे अंदाज सरकले. त्याचं दुकान लेटर आकाराच्या कागदावर लावलेलं, मी बेतलं होतं ए-फोरवर. लेटर सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर आखूड. शेवटची विनंती दुसऱ्या पानावर गेली नाही, हेच नशीब.

ती ताणली का गेली, याचा शोध घ्यायला मला आठवडा लागला. दोन्ही कडा सरळ दिसाव्यात म्हणून मी परिच्छेद जस्टिफाय केला होता. त्यात परिच्छेदाची शेवटची ओळ आखूड असली तरी सॉफ्टवेअर ती ताणत नाही, तेवढी समज त्याला आहे. मी मात्र ओळ संपवताना नुसतं एंटर न दाबता शिफ्ट धरून एंटर दाबलं होतं. कुणीतरी सांगितलं होतं की असं केलं की मधलं अंतर वाढत नाही. त्याचा अर्थ सॉफ्टवेअरच्या भाषेत ‘ओळ मोडली, परिच्छेद चालू आहे’. परिच्छेद चालू म्हणजे ही ओळ शेवटची नाही, आणि शेवटची नाही म्हणजे ताणा. तर्कात खोट काढायला जागा नाही. एका बोटाची चूक, आणि नम्र बिचारा मधे उभा.

आकड्यांचं दुखणं आणखी मजेशीर. मराठी अक्षरं आणि इंग्रजी आकडे यांचे फॉन्ट हे सॉफ्टवेअर वेगवेगळ्या खिशांत ठेवतं. रोमन लिपीचा फॉन्ट आणि आकार एका ठिकाणी, देवनागरी, अरबी वगैरे ‘गुंतागुंतीच्या’ लिप्यांचा दुसऱ्या ठिकाणी. मी अक्षरं मोठी केली ती एका खिशातली. इंग्रजी कळीने टंकलेले १२ आणि १८ दुसऱ्या खिशात, जसेच्या तसे. गुंतागुंतीची लिपी म्हणे. पहिलीतली पोरं सहा महिन्यांत शिकतात.

ही रड आजची नाही. शिशाचे खिळे जुळवायच्या काळात देवनागरीसाठी शेकडो खिळे लागायचे. काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं यांची घरं वेगवेगळी आणि कुठलं अक्षर कुठल्या घरात हे जुळाऱ्याच्या हातांना पाठ. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या अक्षरांचं आजही नाव घेतात, पण त्या अक्षरांमागे उभ्या राहून राहून पाय सुजलेल्या जुळाऱ्यांचं कोण घेतो? मग टंकयंत्र आलं. त्याचा गाडा एकाच दिशेने सरकतो, म्हणून पहिली वेलांटी आधी ठोकायची आणि अक्षर नंतर. ‘मराठी तीस’ची परीक्षा दिलेल्या पिढीच्या बोटांत ती सवय अजून आहे.

संगणक आला तेव्हा याच बोटांसाठी फॉन्ट निघाले आणि तिथेच खरा घोळ झाला. त्या जुन्या फॉन्टांनी संगणकाला मराठी शिकवलीच नाही. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकृत्या नेऊन बसवल्या. कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘गणपती’ लिहा. पडद्यावर गणपती दिसेल, पण संगणकाच्या पोटात असतं एक्स, टिंब, के, आय, आर, एच. टिंब म्हणजे अर्धा ण, के म्हणजे त्याचा काना. दोन मिळून एक ण. संगणकाच्या लेखी तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत इंग्रजी, तोही भ्रमिष्टाने लिहिलेला. फॉन्ट असेपर्यंत मुखवटा टिकतो; दुसऱ्या यंत्रावर तो नसला की बाप्पाचा एक्स-टिंब-के होतो. श्रीलिपीची घरं वेगळी, आकृतीची वेगळी, आयएसएमची वेगळी. म्हणून एका छापखान्यात बसवलेला दिवाळी अंक दुसऱ्या छापखान्यात न्यायचा तर अनेकदा सगळा पुन्हा टंकावा लागे.

यावरचा उपाय १९९१पासून कागदावर होता. त्या वर्षी भारतीय लिप्यांसाठी इस्कीचं मानक आलं आणि जगातल्या लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्तीही. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली आणि १२८ घरांची एक स्वतंत्र आळी दिली. त्या आळीत ग हा ग असतो, फॉन्ट कुठलाही लावा. विंडोज २०००बरोबर मंगल हा युनिकोड फॉन्ट घरोघर आला. तो काढला आपल्याच र. कृ. जोशींनी, सुलेखनकार, कवी, आयआयटी मुंबईतले शिक्षक. मंगलला नावं ठेवणारे खूप आहेत, त्याच्या दोन ओळींमधली ऐसपैस जागा पाहून मीही ठेवतो. पण निरोप पोचतो.

युनिकोडमध्ये पहिली वेलांटी उच्चाराच्या क्रमाने, अक्षरानंतर साठवतात आणि दाखवताना पुढे आणतात. जुन्या फॉन्टमध्ये ती आधीच असते. एकातून दुसऱ्यात मजकूर नेताना रूपांतर करणाऱ्याने वेलांटी उचलून अक्षरापलीकडे ठेवायची असते आणि जोडाक्षर आलं की तिथे तो चुकतो. रफाराचं नेमकं उलट. म्हणूनच रूपांतरित मजकुरात ‘स्थिती’ची वेलांटी अर्ध्या स वर आणि ‘मूर्ती’चा रफार शेजारच्या घरी बसलेला दिसतो.

मराठीचा म्हणून एक खास काटा आहे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना जेवणाचं सांगायचं. हा आडवा, मिशीसारखा र हिंदीला लागत नाही, त्यामुळे त्याची फिकीर फार कुणी केली नाही. तो दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक सरळ, नुक्त्याच्या ऱ पासून. दुसरी र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह लावून. ते चिन्ह दिसत नाही, त्याला रुंदी नाही. मजकूर इकडून तिकडे नेताना एखाद्या चाळणीला वाटतं कचरा आहे आणि ते गळतं. मग ‘शेतकऱ्यांना’चे ‘शेतकर्यांना’ होतात. भाऊंच्या पत्रात मायना होता, ‘सर्व व्यापाऱ्यांना’. छापून आले ‘व्यापार्यांना’. इतकी वर्षं पोरांच्या वहीत लाल शाईने मी हीच चूक खुणावली आणि माझ्याच पत्रात ती पन्नास प्रतींत.

शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात वर्णमाला ठरवून दिली, मराठी वळणाचे ल आणि श कसे असावेत हेही सांगितलं. चांगलं केलं. पण झेरॉक्सवाल्याच्या यंत्राने तो निर्णय वाचलेला नसतो.

दुसऱ्या खेपेला मी भाऊंना शेजारी बसवूनच काम केलं. या सॉफ्टवेअरमध्ये वरच्या पट्टीवर एक उलट्या ‘पी’सारखं बटण असतं. मी ते वर्षानुवर्षं पाहत होतो आणि टाळत होतो. दाबलं तर सगळा कागद ठिपक्यांनी भरला. प्रत्येक रिकाम्या जागेला एक ठिपका, प्रत्येक टॅबला बाण, परिच्छेद संपला की तेच उलटं ‘पी’, आणि ओळ नुसती मोडली असेल तिथे वाकडा बाण. भावांच्या रांगेत ठिपक्यांची नुसती वारूळं! भाऊ चष्मा वर करून बघत राहिले.

‘एवढे जोड?’ म्हणाले.

त्यांना लगेच कळलं, मला आठवडा लागला होता. कारखान्यात मूर्ती साच्यातून निघते तेव्हा दोन भाग जिथे जुळले तिथे एक बारीक रेघ उठलेली असते. कच्च्या मूर्तीवर ती नजरेत भरत नाही. नवा पोरगा ती तशीच सोडतो आणि पुढे पाठवतो. पांढरा हात दिला, अंगाचा रंग मारला, सोनेरी चढवलं की मग ती रेघ सोंडेवरून पोटापर्यंत व्रणासारखी उठून दिसते आणि तेव्हा काही करता येत नाही. म्हणून भाऊ आधी मूर्ती उजेडात तिरपी धरतात, जोडावरून अंगठा फिरवतात, मग पातं, मग पॉलिश पेपर. शाडूची असेल तर ओला कुंचला. डोळ्यांच्या आखणीचं कौतुक जग करतं. हा अंगठा कुणी पाहत नाही.

मग आम्ही अंगठा फिरवला. ठिपक्यांची वारूळं पुसली, रकान्यांच्या जागी सरळ तक्ता घातला. आकडे मराठी केले, म्हणजे दोन खिशांची भानगडच संपली. ओळींमधलं अंतर मी हट्टाने नेमकं बांधून ठेवलं होतं, त्याने ‘र्ती’चा रफार आणि ‘किं’चा अनुस्वार वरून छाटला जात होता, ते मोकळं सोडलं. विनंतीनंतरचा वाकडा बाण काढून साधं एंटर दिलं. नम्र आपल्या माणसांत परत आला. शेवटी सगळं पीडीएफ केलं, कारण पीडीएफ आपला फॉन्ट शिदोरीसारखा बरोबर बांधून नेते.

मधे एकदा भाऊंनी विचारलं, ‘पयल्यापासून असा दिसायची सोय नाय?’ मी त्यांना ब्राव्होची गोष्ट सांगितली. १९७४ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत हे सॉफ्टवेअर लिहिलं गेलं. पडद्यावर दिसेल तेच कागदावर येईल ही त्याची बढाई. त्याच्या कर्त्यांपैकी चार्ल्स सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ साली वर्ड आलं. त्याच्याआधी आणि नंतरही काही वर्षं अशी सॉफ्टवेअरं होती की त्यांत आतल्या खुणा मजकुरातच दिसायच्या किंवा एक कळ दाबून उघड्या करता यायच्या. कागद पडद्यावर कुरूप दिसायचा, पण कुठे काय आहे ते कळायचं. भाऊंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘झेरॉक्सवाल्यांनीच केला मग. म्हंजे आपला झेरॉक्सवाला उगाच शिव्या खाल्ला नाय.’ मी ती गफलत दुरुस्त केली नाही.

नवं दरपत्रक सगळ्या व्यापाऱ्यांना व्हॉट्सअॅपवर गेलं. अठरा इंची अठराच्या भावात, बारा इंची बाराच्या. तासाभरात त्याच दोनशे नगवाल्याचा भाऊंना आवाजी निरोप आला. भाऊंनी तो मला ऐकवला, ओटीवर उभं राहून, मोठ्याने:

‘भाऊ, यादी झकास आहे. पण पीडीएफमध्ये काही बदलता येत नाही. आमच्या दुकानाचं नाव आणि आमचे भाव टाकून पुढे पाठवायची आहे, तेवढी वर्डमधली फाइल धाडता का?’