मनोयंत्र आणि त्याचा सारथी

हल्लीं सुशिक्षित घरांतील मुलांच्या तोंडीं जपानी चित्रमालिकांचीं नांवें पुराणांतील नांवांइतक्याच सहजतेनें येतात. वडीलधाऱ्या मंडळींस तीं ऐकून बहुधा हसूं येतें, क्वचित् रागही येतो. पर्वतप्राय यंत्रमानव, त्याच्या आंत बसलेला एक पोरगा, आणि पोराच्या मनांत येईल तसा हलणारा तो प्रचंड हात. यांत विचार करण्याजोगें तें काय, असा प्रश्न सहजच उद्भवतो. आमच्या मतें विचार करण्याजोगें पुष्कळ आहे, आणि तो विचार मुलांपेक्षां त्यांच्या वडिलांनींच करावा असा आहे.

या कल्पनेचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९५६ सालीं मित्सुतेरु योकोयामा यांनीं ‘तेत्सुजिन २८’ ही चित्रकथा सुरू केली. तींतील लोखंडी राक्षसास एक मुलगा दूर उभा राहून हातांतल्या पेटीनें चालवीत असे. पेटी चोराच्या हातीं पडली कीं राक्षस चोराचा चाकर! १९७२ सालीं गो नागाई यांच्या ‘माझिंगर झेड’मध्यें चालक यंत्राच्या मस्तकांत जाऊन बसला, तथापि त्याच्या हातीं दांडे व कळाच होत्या. १९७९ च्या ‘गुंडाम’ मालिकेंत मनःशक्तीनें शस्त्रें चालविणारे योद्धे आले. अखेर १९९५ सालीं हिदेआकी आन्नो यांच्या ‘नीऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ या २६ भागांच्या मालिकेंत कळा नांवापुरत्या उरल्या आणि मुख्य कारभार मनाकडे गेला. हाताचें काम जसजसें कमी झालें, तसतसा चालकाच्या जिवावरचा भार मात्र वाढत गेला, हें येथें ध्यानांत धरावें.

या शेवटच्या मालिकेंतील ‘एव्हा’ वरून यंत्र दिसलें तरी आंतून तें चिलखत चढविलेला सजीव देह आहे. चालक एका लांबट नळकांड्यांत बसतो व तें एव्हाच्या मानेंत खुपसतात. मग तें एका द्रवानें भरतें. तो द्रव फुप्फुसांत गेला कीं चालकास त्यांतूनच प्राणवायु मिळतो. चालकाचें मन व एव्हाचे मज्जातंतु किती जुळले हें शेंकडेवारीनें मोजतात. त्यास आपण एकतानतेचें प्रमाण म्हणूं. प्रमाण जितकें अधिक तितका एव्हाचा हात चपळ. पण शत्रूनें तोच हात पिरगळला तर कळ चालकाच्या हातास येते. पहिल्याच झुंजींत चौदा वर्षांचा शिन्जी हात धरून विव्हळतो आणि वरिष्ठ अधिकारी बाई त्यास बजावते कीं, धरला गेला तो तुझा हात नव्हे. बोल खरा आहे. पण वेदनेस तो पटत नाहीं. पुढें आसुका नांवाची चालक मुलगी मनानें खचते, तेव्हां प्रमाण उतरत शून्यास येतें व तिचें एव्हा जागचें हलत नाहीं. उलट शिन्जीचें प्रमाण एकदां शेंकडा ४०० वर जातें आणि त्याचा देह त्या द्रवांत विरून जातो! त्यास परत आणावयास महिना लागतो.

हें वाचून परकायाप्रवेशाचें स्मरण कोणास होणार नाहीं? आद्य शंकराचार्य अमरु राजाच्या देहांत शिरले, त्या देहांत स्वस्वरूपाचा विसर पडूं लागला आणि शिष्यांनीं येऊन त्यांस जागें केलें, अशी कथा आहे. दुसऱ्याच्या देहांत शिरणें ही सिद्धि खरी. पण मागें मूळ देह राखणारा व नांव घेऊन परत बोलावणारा कोणी तरी हवा, हें त्या कथेचें मर्म होय.

गिलेर्मो देल तोरो यांच्या २०१३ च्या ‘पॅसिफिक रिम’ या चित्रपटांत दुसरी युक्ति आहे. महायंत्राचा भार एका मेंदूस सोसत नाहीं, म्हणून दोघांचीं मनें जोडावयाचीं. मग एकाच्या आठवणी दुसऱ्यास दिसूं लागतात. माको ही तरुणी पहिल्याच प्रयोगांत बालपणींच्या भयांत हरवते आणि यंत्र तळावरच आपली तोफ सज्ज करूं लागतें! कठोपनिषदांतील रूपकांत शरीर हा रथ, बुद्धि हा सारथी आणि मन हा लगाम आहे. लगामासच सारथ्याच्या जागीं बसविलें म्हणजे काय होतें, तें या प्रसंगांत दिसतें.

हें सारें कल्पित असलें तरी निराधार नाहीं. मेंदूंतील विजेच्या लहरी टिपल्याचें हान्स बर्गर यांनीं १९२९ सालीं प्रसिद्ध केलें. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, पक्षाघातानें सुमारें पंधरा वर्षें हातपाय गमावलेल्या एका स्त्रीनें केवळ संकल्पानें यांत्रिक हात हलवून कॉफीची बाटली तोंडाशीं आणली. तिच्या मेंदूंत ९६ सूक्ष्म सुयांचा लहानसा पट बसविला होता. हात हलविण्याची इच्छा होतांच तेथील पेशींत जी विजेची खळबळ होते, तिचा अर्थ संगणक लावी. २०१६ सालीं याच्या उलट वाटही उघडली. यांत्रिक बोटांस झालेला स्पर्श एका पंगु तरुणास मेंदूंतील सुयांवाटें आपल्याच बोटांस झाल्यासारखा जाणवला. दुर्बलांस हें वरदानच आहे. परंतु ज्या वाटेनें स्पर्श येतो त्याच वाटेनें वेदनाही येऊं शकेल. म्हणून अशा यंत्राविषयीं ‘तें काय करतें?’ इतकेंच न विचारतां, ‘चालकाकडे काय परत येतें?’ असेंही विचारणें अवश्य आहे.

आतां वडिलांविषयीं. शिन्जीचा बाप गेन्दो यानें त्यास वर्षानुवर्षें परक्यांकडे ठेवलेलें असतें. एके दिवशीं बोलावणें येतें, तें प्रेमापोटीं नव्हे. यंत्रास चालक हवा असतो म्हणून! मुलगा नको म्हणतो, तेव्हां बाप एका जखमी मुलीस त्याच्या जागीं आणवितो, आणि ती पाहून तो बिचारा तयार होतो. पुढें मुलाच्या एकतानतेचा आकडा रोज मोजला जातो; त्याच्या मनाची विचारपूस क्वचितच होते. आपल्या घरांतून एव्हा नाहींत. पण वडिलांच्या आकांक्षा आहेत, त्यांत बसविलेलीं चौदा वर्षांचीं मुलें आहेत, आणि परीक्षेच्या गुणांचा आकडाही आहे. तो उतरला कीं आपण शिकवणी वाढवितों. मूल आंतून खचलें आहे काय, हें पाहणारे किती?

ही मालिका, विशेषतः तिचा उत्तरार्ध, लहानांनीं एकट्यानें पाहण्याजोगी नाहीं. मोठ्या मुलांनीं पाहिल्यास वडिलांनीं शेजारीं बसावें, आणि भाग संपल्यावर ‘शिन्जीच्या जागीं तूं असतास तर काय केलें असतेंस?’ एवढें विचारून, मूल काय सांगतें तें मध्यें न बोलतां ऐकून घ्यावें.