दुखतंय म्हणजे नेमकं काय होतंय?

मंडळी, ऐन दिवाळीत दुखण्याखुपण्यावर लिहितेय म्हणून रागावू नका. गेल्या वर्षी या सदरात 'हाउस' आणि 'होम' यांतला फरक पाहिला. तिथे शब्द चुकला तर फार तर समोरचा गालातल्या गालात हसला असता. या खेपेचे शब्द जरा जोखमीचे आहेत. आई-बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर इंग्लंडात येतात, कडाक्याची थंडी पडायच्या आत परततात, आणि मधे केव्हा तरी त्यांना घेऊन जीपीकडे जायची वेळ येतेच. हातात जेमतेम दहा मिनिटं. आई मराठीत सांगते, डॉक्टरांना इंग्रजी हवं असतं, आणि मधे आपण. आई दोन मिनिटं बोलते. आपण म्हणतो, "शी हॅज पेन."

'पेन' शब्द चूक नाही, पण ती मोठी छत्री आहे. तिच्याखाली वेगवेगळी माणसं उभी असतात. 'एक' घ्या (आकड्यातला नव्हे, 'हेडेक'मधला). हे बोथट, रेंगाळणारं दुखणं. डोकं, दात, कान, पाठ आणि पोट यांना इंग्रजीने त्याचे जोडशब्द करून दिले आहेत. घशाला मात्र नाही. घसा 'सोअर' असतो, कारण 'सोअर'मध्ये हुळहुळेपणा आहे. गिळलं, हात लावला, हललं की दुखणारं. जिम सुरू केल्याच्या दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, त्याही 'सोअर'. 'वेअर डझ इट हर्ट?' हा डॉक्टरांचा नेहमीचा प्रश्न. पण त्याला जोडून आपण 'शी इज हर्ट' म्हणालो तर ऐकणाऱ्याला वाटणार, आई कुठे पडली तरी किंवा तिला कुणी काही बोललं तरी. छातीच्या दुखण्याला 'हार्टेक' म्हणायचा मोह आवरा. तो शब्द शोकाचा आणि प्रेमभंगाचा. उलट 'हार्टबर्न'च्या नावात हृदय असलं तरी ती अन्ननलिकेतली जळजळ, आपण जिला पित्त किंवा ॲसिडिटी म्हणतो ती. (ती जळजळ की हृदयाचं दुखणं, हे आपण घरी ठरवायचं नाही.)

आता आईचं ऐका. ती 'दुखतंय'वर क्वचितच थांबते. बोट ठणकतंय. पाठीत उसण भरली. पोटात कळ येऊन जाते. गुडघ्यात चमक निघते. डोळे चुरचुरतात. पायाला मुंग्या येतात. यातला प्रत्येक शब्द डॉक्टरांना हवी ती माहिती घेऊन आलेला असतो. ठणका नाडीसारखा ठोके देतो, म्हणून तो 'थ्रॉबिंग'. कळ येते आणि ओसरते, म्हणून पोटातली कळ बहुधा 'क्रॅम्प'. चमक एका जागेवरून दुसरीकडे धावते, तेव्हा 'शूटिंग'. मुंग्या म्हणजे 'पिन्स अँड नीडल्स'. बधिरपणा, म्हणजे 'नम', हा त्याहून वेगळा, कारण मुंग्यांत काहीतरी जाणवतं आणि बधिरपणात जाणवायचंच थांबतं.

हे शब्दांचे लाड नव्हेत. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी 1975 साली वेदना मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात 78 इंग्रजी शब्द आहेत, 20 गटांत लावलेले, प्रत्येक गटात सौम्याकडून तीव्राकडे. रुग्णाने लागू पडेल त्या गटातून एकेक शब्द निवडायचा. एका गटात 'टिंगलिंग, इची, स्मार्टिंग, स्टिंगिंग' असे चार शब्द आहेत. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा मनात आपोआप जोड्या लागल्या: झिणझिण्या, खाज, चुरचुर, झोंबणं. मराठीत हे सगळं आधीपासून आहे. फक्त ते जीपीच्या खोलीत पोचत नाही.

आपल्या घरोघरी मधुमेह आहे, म्हणून एक उदाहरण सविस्तर सांगते. बाबा म्हणतात, "रात्री पायांची आग होते, मुंग्या येतात." आपण सांगतो, "लेग पेन." यात दोन घोटाळे. मराठी पाय मांडीपासून बोटांपर्यंत एकच. इंग्रजीत घोट्याच्या वर 'लेग' आणि खाली 'फूट'. बाबांची आग तळपायांची आहे. दुसरं म्हणजे 'बर्निंग' आणि 'टिंगलिंग' हे शब्द ऐकले की डॉक्टरांचं लक्ष नसांकडे जातं. 'लेग पेन' ऐकून ते गुडघ्याकडे, संधिवाताकडे, साध्या वेदनाशामक गोळीकडे जाऊ शकतं. (हाताचंही तेच. डावा हात दुखतोय हे 'हँड' म्हणून सांगितलं तर मनगटाखालचा समजतात. खांद्यापासूनचा असेल तर 'आर्म' म्हणायला हवं, आणि डाव्या हाताच्या बाबतीत हा फरक भलताच महत्त्वाचा.)

चक्कर हा असाच एक शब्द. 'डिझी' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: खोली फिरल्यासारखी वाटते, की आता पडणार असं वाटतं? पहिलं कानाच्या आतल्या तोलाशी निगडित असू शकतं, दुसरं रक्तदाबाशी किंवा हृदयाशी. म्हणून डॉक्टर तो फरक चिमटीत धरून विचारतात. आईने तो कधीच केलेला असतो. "गरगरतंय" आणि "डोळ्यांपुढे अंधारी येते" ही तिची दोन वेगळी वाक्यं असतात. दोन्हींचं 'डिझी' करणारे आपण. गरगरण्याला 'स्पिनिंग' आणि अंधारीला 'लाइटहेडेड' किंवा 'फेंट' म्हणा, की काम झालं.

सगळ्यात अवघड शब्द मात्र 'घाबरं'. "मला घाबरल्यासारखं होतंय" असं आई म्हणते तेव्हा तिला भीती वाटत असतेच असं नाही. बऱ्याचदा ती शरीराचं सांगत असते: धडधड, घाम, श्वास पुरत नाही. याचं 'स्केअर्ड' किंवा 'अँक्शस' केलं की डॉक्टर मनाकडे वळतात. झोप लागते का? घरात काही ताण आहे का? शेजारी सून बसलेली असताना हा प्रश्न! आई अर्थातच "छे छे, सगळं छान आहे" म्हणते, आणि धडधड तशीच बाजूला राहते. 'अनईझी' हा शब्द जवळचा आहे, पण धूसर. त्यापेक्षा आईलाच विचारावं, घाबरं म्हणजे काय होतं गं? आणि ती सांगेल ते तुकड्या-तुकड्याने इंग्रजीत ठेवावं.

छातीबद्दल तर हे फारच खरं आहे. हृदयविकाराच्या झटक्यात पुष्कळ माणसं 'पेन' नाही म्हणतात, कारण त्यांना दुखत नसतं, दडपल्यासारखं होत असतं. एनएचएसच्या माहितीतही छातीवरचा दाब, जडपणा, आवळल्यासारखं, पिळवटल्यासारखं असे शब्द मुद्दाम दिलेले असतात. आपल्या आजीचं 'छातीवर दगड ठेवल्यासारखं' त्यात चपखल बसतं. ते तसंच्या तसं सांगा. फक्त 'शी हॅज प्रेशर' एवढंच म्हणू नका, ते मानसिक ताणासारखं किंवा बीपीसारखं ऐकू येतं. 'इन हर चेस्ट' जोडायला हवं. आणि हे वाक्य जीपीच्या अपॉइंटमेंटसाठी राखून ठेवायचं नाही, 999 ला फोन करून सांगायचं.

एरवी वेळ असेल तेव्हा जीपीकडे दुभाषी मागता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत. घरच्या माणसापेक्षा प्रशिक्षित दुभाषी बरा, अशीच एनएचएसचीही भूमिका आहे. आई लेकाच्या तोंडून पाळीचं किंवा लघवीचं दुखणं सांगणार नाही, हे त्यांना आपल्याआधी कळलं असावं.

न्यू जर्सीच्या नातेवाइकांसाठी थोडक्यात: तिकडे 'आय वॉज सिक' म्हणजे आजारी होतो. इकडे ते ऐकून 'किती वेळा उलटी झाली?' असं विचारतील. मळमळत असेल तर ब्रिटनमध्ये 'फीलिंग सिक', आजारी असाल तर 'इल' किंवा 'अनवेल'.

राहता राहिलं 'थोडंसं'. आपली मागची पिढी शून्य ते दहाच्या मापावर सगळी दुखणी तीनवर बसवते. इंग्रजही काही कमी नाहीत. डॉक्टर 'यू मे फील सम डिस्कम्फर्ट' म्हणाले की दात आवळून बसावं. आणि रक्त घेताना नर्स सुई टोचण्याआधी 'शार्प स्क्रॅच' म्हणते. बाबा कानाशी येऊन विचारतात, काय म्हणाली? त्यांना सांगा, मुंगी चावेल म्हणाली.